ड्रोनचा शौक : आधी वजन, मग भाव

ईदीचे पैसे हाती आले की पूर्वी मुले घड्याळ किंवा सायकल मागत असत. आता ती ड्रोन मागतात. लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणारे यंत्र त्यांनी पाहिलेले असते, मोबाइलवर त्याच्या जाहिराती पाहिलेल्या असतात. या मागणीपुढे आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी दोन गटांत विभागलेली दिसतात. एक गट म्हणतो, हा निव्वळ पैशाचा धूर आहे. दुसरा गट मुलाच्या हट्टापुढे मान तुकवून, बिलाची व कायद्याची चौकशी न करता, मिळेल ते यंत्र हप्त्याने घेऊन मोकळा होतो. माझ्या मते दोघेही अर्ध्यावर थांबले आहेत. ड्रोन जरूर घ्यावा, मात्र व्यापारी माल घेतो तसा पारखून घ्यावा. कारण येथे चुकीच्या खरेदीत केवळ पैसे जात नाहीत, मुलाचे नाव पोलिसांच्या वहीत जाण्याची वेळही येऊ शकते.

शौकातून हुनर

शौक वाईट नसतो. नवव्या शतकात कुर्तुबा शहरातील अब्बास इब्न फिरनास या विद्वानाने अंगाला पंख बांधून उडण्याचा प्रयत्न केला. नंतरच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे की तो काही अंतर हवेत गेला, परंतु उतरताना जखमी झाला, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो याचा विचार त्याने केला नव्हता. ड्रोन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने हे लक्षात ठेवावे. उडविणे सोपे, उतरविणे कठीण.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर आयडियाफोर्ज ही कंपनी घ्या. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ साली ती सुरू केली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात जे चार पंख्यांचे यंत्र उडताना दिसते ते याच मंडळींचे काम. पुढे ही कंपनी भारतीय लष्कराला ड्रोन पुरवू लागली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. सगळ्यांचीच मुले एवढी मजल मारतील असे नाही. पण सुटे भाग जोडण्याच्या शौकातून रोजी निघते, हे यावरून दिसून येते.

काट्यावर ठेवा

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम जाहीर केले. त्यांचा पाया वजन हा आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो', २५ किलोपर्यंत 'स्मॉल', आणि पुढे मध्यम व मोठे. नॅनो ड्रोन चालविण्यास पायलट प्रमाणपत्र लागत नाही व तृतीय पक्ष विम्याची सक्तीही नाही. मायक्रो ड्रोन केवळ हौसेसाठी असेल तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण धंद्यासाठी असेल तर आहे. म्हणून पहिला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असावा, यात दुमत होण्याचे कारण नाही.

टॉवेलच्या धंद्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. लेबलवर ५०० जीएसएम छापलेले असते आणि काट्यावर माल ४५० च भरतो, हे आपण रोज पाहतो. ड्रोनच्या डब्यावरही '२४९ ग्रॅम' छापलेले असेल. पण कायदा बॅटरी, पंखे व वर लावलेले सर्व सामान धरून वजन मोजतो. पंख्यांभोवतीचे संरक्षक कडे किंवा मोठी बॅटरी लावली की तोच ड्रोन मर्यादा ओलांडतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पूर्ण सज्ज ड्रोन एकदा ठेवून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

डब्यावरील अक्षरे आणि आतील माल

स्वस्त ड्रोनच्या डब्यावर 'फोर-के कॅमेरा' मोठ्या अक्षरांत असते. दोन-तीन हजारांच्या यंत्रात पुष्कळदा साधा कॅमेरा असतो आणि चित्र सॉफ्टवेअरने ताणून मोठे केलेले असते. पातळ सुताला खळ लावून जाड दाखविण्याचाच हा प्रकार. खरेदी करताना पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट मोटारीची. स्वस्त ड्रोनमध्ये ब्रशची छोटी मोटार असते. ती काही तासांच्या उड्डाणानंतर झिजते. ब्रशलेस मोटार महाग असते, पण टिकते. शिकण्यासाठी ब्रशची मोटार चालेल, मात्र ती सुटी बदलता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट स्थिरतेची. हवेच्या दाबावरून उंची धरून ठेवण्याची सोय नवशिक्याला फार उपयोगी पडते. जीपीएस असल्यास ड्रोन जागा धरून ठेवतो व संपर्क तुटल्यास परत येतो, पण त्याने किंमत बरीच वाढते. घरातील सरावाला जीपीएसचा उपयोग नाही, कारण छताखाली त्याला उपग्रहाचे संकेत नीट मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. पंखे तुटणारच. चार पंख्यांपैकी दोन एका दिशेने फिरतात व दोन उलट दिशेने, म्हणून दोन्ही प्रकारचे जास्तीचे पंखे घ्यावेत. ज्या दुकानदाराकडे पंखा आणि बॅटरी सुटी मिळत नाही त्याच्याकडून ड्रोन घेऊ नये. छोट्या ड्रोनची बॅटरी सात-आठ मिनिटांत उतरते, त्यामुळे दोन जास्तीच्या बॅटऱ्या हव्यातच. दहा हजारांचे बजेट असेल तर यंत्रावर सहा-सात हजारांहून अधिक खर्च करू नये, उरलेले बॅटरी, पंखे व दुरुस्तीसाठी राखून ठेवावे. मुंबईच्या द्रोणा एव्हिएशनचा 'प्लुटो' हा सुटे भाग जोडून तयार करावयाचा नॅनो ड्रोन विद्यार्थ्यांसाठीच बनविलेला आहे. असा जोडावयाचा संच मिळाला तर मुलगा उडविण्याबरोबर दुरुस्तीही शिकतो.

कॅमेरा आणि पर्दा

पहिल्या ड्रोनला कॅमेरा नसला तर उत्तम. कॅमेरा असला की मुलाचे लक्ष काड्यांवर व यंत्रावर राहत नाही, मोबाइलच्या पडद्यावर राहते, आणि शिकणे अर्धवट होते.

दुसरे कारण याहून मोठे आहे. आपल्या पेठांमध्ये घराला घर लागून आहे. गच्चीवर बायका पापड वाळवितात, धुणे घालतात, मुली अभ्यास करतात. त्यांच्यावर कॅमेरा फिरविणे हे शेजाऱ्याच्या घरात न विचारता शिरण्यासारखे आहे. दिव्य कुरआनमध्ये सूरह नूरने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात जाण्यास मनाई केली आहे आणि सूरह हुजुरातने इतरांची टोह घेण्यास. घर आपल्या समाजातील असो की दुसऱ्या, शेजाऱ्याचा हक्क सारखाच. मुलाच्या हाती रिमोट देण्याआधी ही तालीम द्यावी. एका गच्चीवरून दोन मोहल्ल्यांत भांडण व्हावयास वेळ लागत नाही.

पक्के बिल ही ढाल

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात केंद्र सरकारने बंद केली आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठी काही सूट आहे. सुट्या भागांच्या आयातीवर मात्र ही बंदी नाही. म्हणजे कोणी 'दुबईवरून आलेला नवा माल' म्हणून कच्च्या चिठ्ठीवर चिनी ड्रोन विकत असेल, तर तो स्वस्त का आहे हे सांगावयास नको. असा माल घेणारा स्वतः अडचणीत येतो. लहान मुलांचे खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रावर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहून घ्यावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरील जीएसटी सरसकट ५ टक्के झाला आहे. त्यापूर्वी तो प्रकारानुसार १८ किंवा २८ टक्केही होता. जुना कर धरून भाव सांगणाऱ्या दुकानदाराला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि पक्के बिल घेऊन ते ड्रोनच्या पेटीतच ठेवावे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात मुंबईसह अनेक ठिकाणी पोलिसांनी ड्रोन उडविण्यास बंदी केली होती. असे आदेश सणासुदीला, नेत्यांच्या दौऱ्यालाही निघतात. अशा वेळी बिल नसलेला ड्रोन घेऊन मैदानात उभा असलेला मुलगा कोणत्याही समाजाचा असला तरी संशयात सापडतो. आपल्या मुलांना खुलासा देताना किती वेळ लागतो, हे वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. याची तक्रार जरूर करावी, पण आपले कागद आधी चोख ठेवावेत. उडविण्यापूर्वी त्या दिवशीचा आदेश काय आहे याची पोलीस ठाण्यात चौकशी करण्यात कमीपणा नाही.

हप्त्याचा मोह

मोबाइलप्रमाणे ड्रोनही हप्त्याने मिळतो. 'नो कॉस्ट ईएमआय' या नावाला भुलू नये. साधारणपणे त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देऊन हिशेब सारखा करतो. व्याजावरील जीएसटी व प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते. म्हणजे हिशेबातही तोटा आणि व्याजाच्या व्यवहारावर सहीही. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. माझे मत स्पष्ट आहे. शौकाची वस्तू रोख घ्यावी, आणि रोख जमेपर्यंत थांबावे. थांबावयास शिकणे हीही तालीमच आहे.

सोलापुरात उडवावा कोठे?

सोलापूरचे विमानतळ होटगी रोडवर, शहराला लागून आहे. विमानांच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली हे सर्वांना ठाऊक आहे. ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. चालू विमानतळाच्या हद्दीपासून साधारण ५ किलोमीटरपर्यंतचा भाग लाल क्षेत्रात येतो व तेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. ५ ते ८ किलोमीटरपर्यंत पिवळे क्षेत्र, तेथे विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत व त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत हिरवे क्षेत्र. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नॅनो ड्रोनला प्रमाणपत्राची सूट आहे, लाल क्षेत्राची नाही. याचा अर्थ शहरातील बहुतेक गच्च्या व मैदाने बाद झाली. सरकारने इंटरनेटवर ठेवलेल्या हवाई नकाशावर आपली जागा पाहूनच पाऊल टाकावे. नान्नजचे माळढोक अभयारण्य, भुईकोट किल्ला, गड्ड्याची यात्रा, उर्स आणि ईदगाहवरील गर्दी यांपासून दूरच राहावे.

मग सराव कोठे करावा? आपल्या गोदामात, चार भिंतींच्या आत. रविवारी गाठी एका बाजूला सारल्या की पुरेशी जागा निघते. लूम चालू असलेली शेड मात्र टाळावी. हवेत उडणारे कापसाचे तंतू मोटारीत गुंडाळले जातात.

आपल्याकडील ऊन हाही मुद्दा आहे. लिथियम बॅटरी एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जेथे सूत आणि कापड भरलेले आहे तेथे चार्जिंग करूच नये. एका ठिणगीची किंमत आपल्या धंद्याला ठाऊक आहे.

धंद्याचा हिशेब

काही जण म्हणतील, खेळण्यावर दहा हजार घालण्यापेक्षा एकदम मोठा कॅमेरा ड्रोन घेऊन लग्नाची शूटिंग का करू नये? या म्हणण्यात तथ्य आहे, पण क्रम उलटा आहे. ज्याचा हात बसलेला नाही त्याने पाहुण्यांच्या डोक्यावर फिरते पाते नेणे हा जोखमीचा सौदा आहे. आधी सहा महिने लहान यंत्रावर हात बसू द्यावा. त्यानंतर मुलगा दहावी पास व १८ वर्षांचा असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन पायलट प्रमाणपत्र मिळवू शकतो. ते दहा वर्षे चालते. शेतीत फवारणीचे ड्रोन येत आहेत, डाळिंब आणि द्राक्षांचा आपला जिल्हा आहे, चालक लागणारच.

त्याहून जवळचा धंदा दुरुस्तीचा आहे. मोटार भरणारे, लूमची वायरिंग करणारे, मोबाइल खोलून बसणारे कारागीर आपल्या समाजात भरपूर आहेत. डाग देणे, तार जोडणे, बॅटरी तपासणे हे त्यांच्या हातचे काम. सुट्या भागांच्या आयातीस बंदी नाही. तेव्हा ड्रोन उडविणारे वाढतील तसे दुरुस्त करणारेही लागतील, आणि हे काम दुकानाच्या एका टेबलावर होऊ शकते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने वेगळा ड्रोन घेण्याची गरज नाही. चार घरांनी मिळून एक घ्यावा, बिल एकाच्या नावे असावे, वही ठेवावी, कोणी कधी उडविला व काय मोडले ते लिहावे. पानगल हायस्कूल, सोशल कॉलेज यांसारख्या संस्थांनी दोन-तीन संच घेऊन विज्ञान मंडळात मुलामुलींना शिकविले तर ज्या विणकराच्या घरी दहा हजार रुपये नाहीत त्याच्या लेकरालाही हा हुनर मिळेल. व्यापाऱ्यांनी त्यासाठी हात सैल सोडावा. येत्या ईदीला मुलाने ड्रोन मागितला तर त्याला हाकलू नका. आधी सराफाच्या काट्याकडे न्या, मग दुकानात.