मुसळी खणायची घाई कोणाची?

जव्हार-मोखाड्यातल्या औषधी वनस्पतींचा विषय निघाला की एक आरोप ठरलेला असतो. आदिवासी वेळेआधीच कंद उपटतात, वेली मुळासकट ओढतात आणि म्हणूनच रान रिकामे झाले, असे सांगितले जाते. या आरोपामागोमाग दोन उपायही येतात. एक गट म्हणतो, काढणीच्या तारखा ठरवून द्या. दुसरा म्हणतो, काढणीच बंद करा. मला हा आरोपही मान्य नाही आणि हे दोन्ही उपायही मान्य नाहीत. औषधी वनस्पती कधी काढावी हे ती वनस्पतीच सांगते. ते ओळखणारी माणसे याच पाड्यांवर राहतात. त्यांच्याकडे नाही ती थांबण्याची ऐपत, आणि तिची व्यवस्था करणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे.

आधी वनस्पतीकडे पाहू. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली तिला हे नाव दिले, ते मुंबईच्या बोरिवलीवरून. म्हणजे ही आपल्याच कोकणपट्टीच्या रानाची लेक. पहिल्या पावसात तिची पाने जमिनीतून वर येतात. तिच्या आणि तिच्या भावकीतल्या रोपांच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्याच्या तोंडाशी घराघरात शिजते. पुढे पांढरी फुले येतात, बी धरते, आणि पाऊस ओसरला की पाने पिवळी पडून गळतात. अनेकांना वाटते, पाने गेली म्हणजे कंद तयार झाला. तसे नसते. त्या वेळी खणून पाहिले तर कंदाची साल फिकट असते, नखाने दाबली की ओली लागते. असा कंद वाळवला की आक्रसतो आणि त्याचे वजन निम्म्याहून कितीतरी खाली येते. तोच कंद जमिनीत आणखी काही आठवडे राहू दिला, थंडी सुरू होऊ दिली, की साल तपकिरी होत जाते, गर घट्ट होतो, साल सहज सुटते आणि वाळलेली मुसळी पांढरी, टणक निघते. ही खूण ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक कंद उकरून पाहावा, कच्चा असेल तर पुन्हा माती लोटावी.

आता पहिला आरोप. हे ज्ञान आदिवासींना नाही, असे म्हणणाऱ्याने या भागातले सण पाहावेत. नवे भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही वारली आणि कोकणा घरांतली रीत आहे. पीक पुरते तयार होईपर्यंत हात आवरून धरण्याची सवय या रितीने पिढ्यान्‌पिढ्या लावली. तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारे लोकच नंतर 'शाश्वत संकलन' या नावाने तोच संयम शिकवायला येतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही हाच विचार आहे. कोवळी पाने आणि फांद्या वर्षा व वसंतात, साल, कंद आणि चीक शरदात, मुळे पाने गळून गेल्यावर ग्रीष्मात किंवा शिशिरात, फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत असे तिथे सांगितले आहे. ज्या अवयवात ज्या काळी झाडाचा जोर साठतो, तो अवयव त्या काळी घ्यायचा, हे त्यामागचे सूत्र. पाड्यावरचा भगत आणि ग्रंथातला वैद्य यांचे इथे एकमत आहे. मग अडाणीपणाचा ठपका कोणावर ठेवायचा?

दुसरे मत तारखांचे. छापील पत्रकात 'अमुक महिन्यात काढणी' असे लिहिलेले असते आणि सूचना म्हणून ते ठीकही आहे. पण पावसाची ओढ दरवर्षी वेगळी, उताराची जमीन वेगळी, ओहोळाकाठची वेगळी. जव्हारच्या पठारावरचा कंद आणि मोखाड्यातल्या सूर्यमाळच्या उंचीवरचा कंद एकाच दिवशी तयार होईल, असे कोणी लिहून देऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक औषधाची पक्वता वेगळी. बाळहिरडा म्हणजे आठी धरण्याआधी उतरवलेले कोवळे फळ. तिथे पिकण्याची वाट पाहिली तर माल हातचा गेला. त्याच झाडाचा मोठा हिरडा हवा असेल तर मात्र फळ पिवळसर होईपर्यंत थांबावे लागते. गुळवेलीची गोष्ट तिसरीच. तिची अंगठ्याएवढी जाड कांडी आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, वरचा पापुद्रा कागदासारखा सुटतो. सत्त्व निघते ते अशा जून कांडीतून. ती कुटून पाण्यात भिजवायची, गाळायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. पोपटी, कोवळ्या वेलीतून असा साका फारसा बसत नाही. एकच तारीख या तिघांना कशी पुरेल?

जगातही हाच अनुभव आहे. ज्या देशांत रुग्णाला औषधासाठी घरी भांग लावायची परवानगी आहे, तिथला शेतकरी फुलावरच्या बारीक राळग्रंथी भिंगातून पाहतो. त्या नितळ असतील तर थांबतो, दुधाळ झाल्या की कापणीला लागतो, तांबूस होत चालल्या की वेळ टळू लागली असे समजतो. आपल्याकडे गांजासाठी ही लागवड १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि तिची वकिली मी करत नाही. मुद्दा एवढाच की औषध पिकवणारा शहाणा माणूस कुठलाही असो, तो कॅलेंडरच्या आधी झाडाकडे पाहतो.

आता सर्वांत जड आक्षेप. "हे सगळे खरे, पण पोट थांबत नाही." हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो खरा आहे. वावर-वांगणीची १९९२ ची बालमृत्यूंची आठवण असलेल्या तालुक्यात भुकेवर हलकेपणाने बोलणे पाप आहे. भात कापले, दिवाळी झाली, की इथली कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. भट्टीवाल्याची उचल अंगावर असते, ट्रक दारात उभा असतो. मुसळीचा कंद नेमका त्याच दिवसांत पक्का होत असतो. महिनाभर थांबायचे म्हणजे घर सोडायचे नाही, आणि घर सोडायचे नाही तर खायचे काय? म्हणून कच्चा कंद निघतो. त्यात व्यापारी कच्च्या-पक्क्याला एकच भाव लावत असेल, तर थांबणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. घाई इथून सुरू होते. ती संकलकाच्या स्वभावात शोधणे चूक आहे.

बंदीवाल्यांना माझे उत्तर यातूनच येते. ज्याचा हक्क काढून घेतला, त्याला उद्यासाठी काही राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही. आज दिसले ते आज उपटावे, नाहीतर दुसरा कोणी उपटेल, हाच हिशेब मग चालतो. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि त्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासी समाजाला दिली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. रान आपले आहे ही खात्री मिळाली की गाव स्वतःच नियम घालून घेते. जव्हार-मोखाड्यातल्या ग्रामसभांना हा कायदा लागू आहे आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे. कागदावरचा हक्क मुसळीच्या वाफ्यापर्यंत पोचवायचा एवढेच बाकी आहे.

ते कसे पोचवायचे? पहिली गोष्ट उचलीची. भट्टीवाला उचल देऊ शकतो, तर बचत गट किंवा वनधन केंद्र जमिनीत असलेल्या कंदावर उचल का देऊ शकणार नाही? दिवाळी ते काढणी एवढाच काळ निभवायचा आहे. त्याच आठवड्यांत रोजगार हमीची कामे गावात काढली तर अर्धे ओझे उतरते. शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी एकत्र येऊन गुळवेलीचा व्यवसाय उभा केला आणि मोठ्या औषध कंपन्यांना थेट माल दिला. संघटित विक्री इथल्या मातीत रुजते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. दुसरी गोष्ट प्रतवारीची. पक्क्या मालाला चढा भाव आणि कच्चा माल परत, हा नियम खरेदीदाराने पाळला तर कोणाला उपदेश करावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट रोपाच्या वंशाची. मुसळीचा डोळा असलेला माथा आणि त्याला लागलेली एक-दोन बोटे पुन्हा मातीत गेलीच पाहिजेत. गुळवेल जमिनीपासून हातभर राखून कापायची, आणि बी गळण्याआधी रानातली मुसळी खणायचीच नाही. पाने वाळल्यावर रोप सापडत नाही, अशी अडचण काहीजण पुढे करतात. पाने हिरवी असताना बुंध्याशी दगड ठेवला किंवा काटकी रोवली की ती अडचण संपते. परसात लावलेल्या मुसळीला तर तेवढेही करावे लागत नाही.

यातले काहीच अशक्य नाही आणि फार खर्चाचेही नाही. पाड्यावरच्या माणसाला संयम शिकवणाऱ्यांनी आधी त्याच्या कार्तिक-मार्गशीर्षाची भाकरी हिशेबात धरावी. ती धरली तर कंद पक्का निघेल, औषध गुणकारी निघेल आणि पुढच्या पावसात त्याच जागी मुसळी पुन्हा उगवेल. ती न धरता काढलेले तारखांचे आणि बंदीचे फतवे मला मान्य नाहीत, आणि जव्हार-मोखाड्यानेही ते मान्य करू नयेत.