कॉलेजचा ग्रुप कशासाठी?

आपल्या वसई-विरारमध्ये कॉलेजला प्रवेश मिळाला की मुलांचं पहिलं काम म्हणजे ग्रुप काढणं. नाव ठरतं, डीपी ठरतो. पण ग्रुप करणार काय, हे कुणी विचारतच नाही!

मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुण शिक्षक-विद्यार्थ्यांनीही एक मंडळ काढले होते : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. तिथे निबंध वाचले जात, चर्चा होत. पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला तिथे बिनपगारी शिकवले. त्यांत दादाभाई नौरोजी होते.

लोकल, क्लास यातून वेळ कमी मिळतो, हे मान्य. तरीही मुलांनो, रविवारी एक तास वस्तीतल्या लहानग्यांना वाचायला शिकवा. नाव नंतर ठरवलं तरी चालेल.