सायकलस्वारांचा परोपकार

परोपकार हा शब्द कानी पडला की समाजवादी कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. ज्यावर माणसाचा हक्क आहे ते त्याला भिक्षा म्हणून घालायचे आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचे, हा व्यवहार त्याला मान्य नसतो. आणि तो मान्य नसावा हेच योग्य. तथापि दानधर्म ह्या एका नावाखाली पुष्कळ भिन्न गोष्टी खपून जातात. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही एड्सग्रस्तांच्या साहाय्यासाठी निघणारी सायकलयात्रा त्यांपैकीच एक. १९९४ साली ती सुरू झाली, कोरोनाच्या साथीतील दोन वर्षे वगळता दरसाल निघत राहिली आणि जून २०२५ मध्ये थांबली. तिच्याकडे ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

यात्रेचा उगम दयेत नव्हता, उपेक्षेत होता. अमेरिकेत ह्या रोगाच्या पहिल्या रुग्णांची नोंद जून १९८१ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर पहिले सविस्तर भाषण केले ते १९८७ साली. मधल्या काळात शुश्रूषा, औषधे आणि अंत्यसंस्कार हे सारे मित्रमंडळींनीच निभावले. यात्रा सुरू झाली त्या सुमारास पंचवीस ते चव्वेचाळीस वयाच्या अमेरिकनांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण एड्स हेच होते. यात्रेच्या प्रारंभी स्वाराविना एक सायकल सर्वांसमोरून हाताने चालवत नेत असत, ती गेलेल्यांची.

अंतर ५४५ मैल, म्हणजे सुमारे पावणेनऊशे किलोमीटर, आणि मुदत सात दिवसांची. प्रत्येक स्वाराने आधी आप्तेष्टांकडून निधी जमवून आणायचा. पुष्कळ वर्षे ही किमान रक्कम ३,००० डॉलर होती. ही शर्यत नव्हे, हे वारंवार बजावले जाई. रस्त्यावर पुढच्याला ओलांडताना ‘डावीकडून येतो आहे’ असे ओरडून सांगायचे, मोटार आली तर मागच्याने पुढच्याला सावध करायचे, खड्डा दिसला तर हाताने खूण करायची. किंग सिटीच्या पुढील चढावर दमलेल्याच्या पाठीला हात लावून त्याला वर नेणारे आणि स्वतः माथा गाठल्यावर इतरांना धीर देण्यासाठी पुन्हा खाली उतरणारे स्वार असत. ज्याचे पाय थकले त्याला उचलून घेण्यासाठी गाड्या मागून फिरत. शेकडो स्वयंसेवक रोज तंबूंचे गाव वसवीत, जेवण वाढीत, सामान चढवीत आणि दुसऱ्या दिवशी सारे पुढच्या मुक्कामी हलवीत. थांब्यांवर ते चित्रविचित्र पोशाख करून उभे राहत. पाचव्या दिवशी तर वळणाच्या रस्त्यावर लाल फीत दिसावी म्हणून स्वारांनी लाल वस्त्रे घालण्याचा प्रघात पडला, आणि पुढे भल्याभल्या मिशाळांच्या अंगावर लाल झगे आले! आपल्याकडील शिबिरांतून हास्य इतके दुर्मिळ का, असा प्रश्न येथे पडल्यास तो अगदीच अप्रस्तुत मानू नये.

ह्या सद्भावाला केवळ मनाचा मऊपणा समजणे चूक होईल. तो नेमून दिलेल्या कामांत रुजलेला होता. स्वभावाने तुसडा असलेला स्वारदेखील मागच्याला खड्डा दाखवीतच असे, कारण तो नियम होता. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, येथे दाता आणि याचक यांच्यामध्ये भिंत नव्हती. ‘पॉझिटिव्ह पेडलर्स’ हा एचआयव्ही बाधितांचाच गट सायकलींवर नारिंगी निशाणे लावून उघडपणे यात्रेत असे. ज्या शब्दाने वैद्यकीय अहवालात माणसाची शिक्षा लिहिली जाई, तोच शब्द त्यांनी अंगरख्यावर मिरवला. ज्यांच्यासाठी निधी जमवायचा तेच चढावर पुढे असले म्हणजे कीव करण्याला जागा राहत नाही. सहकार ह्या शब्दाचा अर्थ ह्याहून वेगळा काय असतो?

मात्र सद्भावाला हिशेबाची वही चुकत नाही. आरंभीची यात्रा नफा मिळवणारी एक खाजगी कंपनी भरवीत असे. निधीतील फार मोठा वाटा व्यवस्थेवरच खर्च होतो, अशी तक्रार वाढत गेली. अखेर ज्यांना हा पैसा मिळायचा त्या दोन संस्था बाहेर पडल्या आणि २००२ पासून त्यांनी ‘एड्स लाइफसायकल’ ह्या नावाने स्वतःचीच यात्रा काढली. कंपनी त्याच वर्षी बंद पडली. दोन्ही पर्व मिळून तीस कोटी डॉलरच्या वर निधी उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खर्च चढत गेला, स्वार आणि निधी घटत गेले, आणि संस्थांना यात्रा आवरती घ्यावी लागली. चांगुलपणाचा झरा आटला होता असे नव्हे, जमाखर्चाचा मेळ बसेना.

ह्यासोबत एक दुसरी नोंद ठेवावी. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा उपचार एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केला. तोवर पाश्चात्य कंपन्यांच्या औषधांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. हे शक्य झाले ते मुख्यतः १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने मक्तेदारी औषधाच्या प्रक्रियेवर दिली होती, औषधावर नव्हे. संसदेतील त्या एका कायद्याने जे साधले ते कितीही पावले मारून साधणारे नव्हते. तरीही औषध स्वस्त झाले म्हणून रुग्णाचा पाट घरात वेगळा मांडणारे हात आपोआप बदलत नाहीत. ते काम नारिंगी निशाणवाल्यांचे.

वाटेत ब्रॅडली नावाचे शंभराच्या आत वस्तीचे खेडे लागते. यात्रा तेथून जाताना गावकरी शाळेच्या आवारात बर्गर भाजून विकत आणि त्या पैशातून मुलांच्या उपक्रमांचा खर्च भागवीत. भुकेले स्वार रांगा लावून, नेहमीपेक्षा जास्त पैसे टाकून खात. दृश्य हृद्य होते यात शंका नाही. पण शाळा सरकारी, आणि राज्य कॅलिफोर्निया, म्हणजे जगातील बहुतेक देशांहून श्रीमंत. त्या शाळेच्या अंदाजपत्रकात बर्गरची तरतूद कोणत्या शीर्षाखाली होत असे आणि यात्रा बंद पडल्यावर ती कोणी भरून काढायची, हे सॅक्रामेंटोच्या विधिमंडळाला विचारायला हवे, सायकलस्वारांना नव्हे.