कब्रस्तानाच्या वहीत काय लिहिलंय?

सातारा असो की सांगली, शबे-बरात जवळ आली की आपली पोरं कामाला लागतात. कब्रस्तानातलं गवत निघतं, काटेरी झुडपं तुटतात, हॅलोजन लागतात. त्याआधी आठ दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर चंद्याचं आवाहन फिरत असतं आणि पैसे क्यूआर कोडवर जमतात, पुष्कळदा कुणा एका कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात. किती जमले, किती गेले, उरले ते कुठं आहेत, हे रमजान सुरू होईपर्यंत सगळे विसरलेले असतात. पैसे खाल्ले जातात असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी ते प्रामाणिक माणसांच्याच हातात असतात. पण त्या प्रामाणिकपणाची नोंद कुठंच नसते.

चंदा हा झाला एक भाग. काही कब्रस्तानांना रस्त्याकडेच्या गाळ्यांचं भाडं येतं, चिंचेचा किंवा गवताचा लिलाव होतो. शिवाय सरकारी पैसा येतो. ग्रामपंचायतींसाठी जी जनसुविधा योजना आहे तिच्यातून दहनभूमी-दफनभूमीची कामं होतात. अल्पसंख्याकबहुल गावांसाठीच्या राज्याच्या योजनेतून संरक्षक भिंत होते. या तिसऱ्या पैशाबद्दल जमातीला सगळ्यात कमी माहिती असते. भिंतीवरच्या फलकावर नेत्याचं नाव लांबून वाचता येतं, रक्कम वाचायला जवळ जावं लागतं.

हिशेबाचा कायदा काही कालचा नाही. मुसलमान वक्फ कायदा १९२३ चा. आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या कायद्याने मुतवल्लीला वक्फचा हिशेब जिल्हा न्यायालयाला द्यावा लागे. १९९५ च्या वक्फ कायद्यात कलम ४६ आहे : ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा जमाखर्च मुतवल्लीने १ जुलैपूर्वी वक्फ मंडळाला द्यायचा. निव्वळ उत्पन्न एक लाखाच्या वर असेल तर मंडळाने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून दरवर्षी तपासणी. ही मर्यादा आधी पन्नास हजार होती, २०२५ च्या दुरुस्तीने वाढली. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेल्या असतात, त्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘बी’ असतो. तिथंही ताळेबंद आणि जमाखर्च पत्रक द्यावंच लागतं.

‘आमच्या कब्रस्तानाला उत्पन्नच काय आहे?’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. उत्पन्न कमी असलं किंवा नसलं तरी जमाखर्चाचा कागद द्यायचाच असतो. शून्य असेल तर शून्य लिहून द्यायचं.

याची गरज मला खरी कळली ती मागच्या वर्षी. ६ जून २०२५ ला उम्मीद पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मिळकतींचे तपशील भरायला सहा महिने मिळाले. संगणकाचं काम करतो म्हणून नात्यातल्या दोन-तीन गावांनी मला हाक मारली. सातबारा एकाच्या घरी, नोंदणीचा दाखला वारलेल्या ट्रस्टीच्या कपाटात, मोजणीचा नकाशा कुणाकडेच नाही. जुन्या वह्या मागितल्या तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आपली बहुतेक जुनी कब्रस्तानं कुणी दस्त करून दिलेली नाहीत. पिढ्यान् पिढ्या दफन होत आलं, म्हणून ती कब्रस्तानं. नव्या कायद्याने ‘वापरामुळे वक्फ’ ही कल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकली. कायद्याआधी नोंदलेली ठिकाणं राहतील, पण वाद असेल किंवा जमीन सरकारी ठरत असेल तर तेही नाही. अशा वेळी वापर सिद्ध कशाने करणार? १९६८ साली कुंपणाला दिलेल्या पैशाची पावती, विजेची बिलं, कबर खणणाऱ्याच्या मजुरीची नोंद यांनीच. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की पहिल्यांदा लॉग उघडतात, आणि तो त्या दिवशी बसून लिहिता येत नाही. रोज आपोआप लिहिला गेलेला असावा लागतो.

आमच्या जमातीत मी हिशेबाचा विषय काढला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, “बेटा, बाहेर एवढं चाललंय आणि तू आपल्याच माणसांना उघडं पाडतोस?” त्यांची भीती खोटी नाही. वक्फच्या नावाने टीव्हीवर काय बोललं जातं ते आपण रोज ऐकतो. पण वही नसण्याचा फायदा नेमका त्यांनाच होतो. आणि हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं, हे आपल्या दीनमध्ये कुठं आहे? सहीह बुखारीत इब्नुल लुत्बिय्या यांची हदीस आहे. जकात गोळा करून आले तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांच्याकडून हिशेब घेतला, आणि ‘हे मला भेट मिळालं’ हे म्हणणं चालवून घेतलं नाही. ते तर सहाबी होते. आपल्या कमिटीच्या अध्यक्षांना एवढा राग का यावा?

तर, पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि सणाला गावी येणाऱ्या माझ्यासारख्यांनी पैसे पाठवून मोकळं होऊ नये. कब्रस्तानाच्या नावाचं बँक खातं, दोन सह्या, आणि तीन महिन्यांनी मशिदीच्या फळ्यावर एक पान. एक्सेल येणारी चार पोरं प्रत्येक गावात आहेत. भिंतीवर किती खर्च झाला ते पंचायतीकडे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, ग्रामसभेत तर फुकट. आणि दफनाची नोंदवही वेगळी ठेवा : नाव, तारीख, कबरीची जागा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दफनभूमी सांभाळणाऱ्यावर मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी आहेच. ही वही बऱ्याच ठिकाणी फक्त कबर खणणाऱ्या चाचांच्या डोक्यात असते. कोण कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक. पुढच्या वेळी गावी गेलात की वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बसा, आणि त्यांना महिन्याला किती मिळतात तेही त्याच वहीत लिहा.