भोरड्या विणीसाठी येत नाहीत

दिवाळी सरून ज्वारी गुडघाभर झाली, की नांदेड-लातूरकडे ‘परदेशी पाहुणे विणीसाठी दाखल’ अशा थाटाचा मजकूर वाचावयास मिळतो. आणि विष्णुपुरीच्या जलाशयापासून मांजरेच्या खोऱ्यापर्यंत हे विधान इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्याला पुरावा मागणे हाच उद्धटपणा ठरावा. तथापि ते साफ चुकीचे आहे.

पूर्वपक्ष असा, की उत्तरेत बर्फ पडते, बर्फात अंडी उबत नाहीत, सबब लेक बाळंतपणाला माहेरी यावी तसा पक्षी आमच्या उबदार मुलखात येतो. उत्तरेलाही उन्हाळा असतो, एवढीच गोष्ट या युक्तिवादात विसरली गेली आहे! पट्टकदंब हंस अंडी घालतो तो लडाख, तिबेट, मंगोलिया येथील तळ्यांच्या काठी, मे-जूनच्या सुमारास. तेव्हा तिकडचे बर्फ वितळलेले असते आणि इकडचे तलाव तळाला गेलेले असतात.

परंतु खरा दाखला आहे तो भोरडीचा, जिला हाकलण्यासाठी आमचा शेतकरी गोफण घेऊन मचाणावर चढतो. पळस-पांगाऱ्याचा मध पिऊन पुष्ट झालेले तिचे थवे चैत्र-वैशाखात उत्तरेची वाट धरतात. कझाकस्तान व आसपासच्या कोरड्या माळांवर, जेथे टोळांचा सुकाळ असेल तेथे, दगडांच्या राशींतील कपारींत हजारो जोड्या एकत्र घरटी करतात, टोळांवर पिल्ले पोसतात आणि वीण उरकताच माघारी फिरतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच पहिले थवे हिंदुस्थानात उतरू लागतात. यावर प्रतिपक्ष म्हणेल, की पावसाळ्याअखेरीस थव्यांत मातकट अंगाची, पिवळसर चोचीची पोरे आम्ही डोळ्यांनी पाहतो, ती इथलीच नव्हेत काय? पाहता, हे मान्य. पण ती पंखांत पूर्ण बळ घेऊन उडत आलेली पाहता. अंड्यांसह भोरडीचे घरटे आपल्या तालुक्यात कोणी पाहिले आहे? पुलाखाली मातीच्या वाट्या दिसतात, त्या इथेच बारमाही राहणाऱ्या तारवाली भिंगरीच्या. हिवाळी पाहुण्यांच्या खात्यावर त्या मांडणे ही शुद्ध अफरातफर होय.

कारण शरीरातच आहे. हिवाळ्यात पक्ष्याची प्रजननेंद्रिये आक्रसून जातात व वाढत्या दिवसाबरोबर पुन्हा फुगतात. नांदेडच्या १९ अंश अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून किंचित अधिक, तर ५० अंशांवर तो १६ तासांच्या वर जातो. म्हणजे पिल्लांना भरविण्यास आईबापांस रोज तीन तास जादा मिळतात. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत मोठ्या प्रमाणावर कडी घालण्यास आरंभ केला, आणि भरतपुरास कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत मुलखात सापडली. याहून स्वच्छ साक्ष ती कोणती?

मग विणीसाठी येथे कोणी येतच नाही काय? येतात, पण त्यांचा हंगाम निराळा. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा चातक सातभाईच्या घरट्यात आपली अंडी खपवितो. दक्षिणेत हिवाळा काढलेला नवरंग पावसाच्या तोंडावर किनवटकडच्या रानांत शिरून जमिनीलगत काटक्या-पानांचा गोल खोपा रचतो. त्यांना हवे आहे ते न तोडलेले झुडूप. हिवाळी पाहुण्यांना हवा आहे तो उथळ चिखल, चारा आणि निवांतपणा. वनखात्याने व वार्ताहरांनी आता एवढे करावे, की ‘विणीसाठी’ हा शब्द दिवाळीच्या बातमीतून काढून मृगाच्या बातमीत घालावा.