गुडघ्यांचं बजेट

गेले तीन शनिवार-रविवार मी एकच काम करतोय. लॅपटॉपवर अठ्ठावीस टॅब उघडे, बाजूला एक एक्सेल शीट, आणि दर तासाला बायकोचा प्रश्न, "झालं का फायनल?"

जानेवारीत अंदमानला जायचंय. आम्ही दोघं आणि वडनेर भोलजीहून येणारे आई-बाबा. (जानेवारी अशासाठी की कापसाची वेचणी उरकल्याशिवाय बाबा शेत सोडत नाहीत.) विमानाची तिकिटं एका संध्याकाळी झाली. अडलंय ते राहायचं कुठे यावर.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? रेटिंग बघा, फोटो बघा, बुक करा. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. कोकणातलं एक रिसॉर्ट, डोंगराच्या उतारावर, गॅलरीतून थेट समुद्र. फोटो असे की ऑफिसात तीन जणांनी लिंक मागितली. खोलीपासून किनाऱ्यापर्यंत पायऱ्या किती, हे मात्र मी बघितलं नव्हतं. आई पहिल्या दिवशी एकदा उतरली आणि पुढचे दोन दिवस गॅलरीत बसून राहिली. "मले इथूनच बरं दिसते," म्हणाली. मला वाटलं, एंजॉय करतेय. बऱ्याच महिन्यांनी वडनेरला ओट्यावर शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं, "लय चांगलं होतं वं बाई. पण त्या पायऱ्या पाहूनच माहे गुडघे दुखत होते."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा समुद्राला गेलेल्या बाईला मी तीन दिवस समुद्र नुसता दाखवला. तोही सी-फेसिंगचे जादा पैसे मोजून!

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. कुटुंबाची राहायची जागा तिथे जास्तीत जास्त वेळ बसणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरवावी. आपण तरुण मंडळी खोलीत फक्त झोपायला येतो. आई-बाबा तिथे दुपार काढतात, संध्याकाळ काढतात. आणि निवड मात्र आपण करतो, आपल्या फोटोंसाठी. सॉफ्टवेअरमध्ये याला काय म्हणतात ते आपल्याला चांगलं माहीत आहे. युजरला न विचारता डिझाईन!

म्हणून या वेळी युजरला विचारलं. बाबांची रिक्वायरमेंट एका ओळीची होती. त्यांनी 'माझी जन्मठेप' कितीदा वाचलंय कोण जाणे. त्यांना सेल्युलर जेल बघायचंय, सावरकरांची कोठडी बघायचीय. बाकी समुद्र वगैरे "तुमी पाहा". आता हे जेल तीन मजली. १८९६ ते १९०६ या काळात बांधलं, मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. आणि सावरकरांची कोठडी आहे वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला. म्हणजे जिने आलेच. बाबांचे गुडघे दिवसाला ठरावीकच जिने चढतात. ते हॉटेलात खर्च केले तर जेलसाठी काय उरणार? शीटमध्ये मी एक नवा कॉलम टाकलाय, 'पायऱ्या'. लिफ्ट नाही आणि तळमजल्याची खोली नाही, तर हॉटेल बाद. मग रेटिंग कितीही असो.

आईच्या रिक्वायरमेंट दोन. "पाणी गोडं हाय का तिथलं? अन् सकाळी चहा किती वाजता भेटते?" मी हसलो होतो. नंतर लक्षात आलं की आमच्यात नीट विचार केलेली तीच एकटी आहे. तिचं माहेर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. पाण्याची किंमत तिला माहीत आहे. आणि चहुबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर गोडं पाणी म्हणजे पावसाचं साठवलेलं, आणि जानेवारीपासून तिथे पाऊस जवळपास नसतोच.

चहाचं तर त्याहून खरं आहे. अंदमानचं घड्याळ आपलंच, पण सूर्य वडनेरपेक्षा तासाभराहूनही आधी उगवतो. जानेवारीत पावणेसहाला ऊन, सव्वापाचला सूर्यास्त, सहापर्यंत काळोख. मग जेवणापर्यंतचे अडीच-तीन तास करायचं काय? शहराबाहेरचं निवांत रिसॉर्ट घेतलं तर आई-बाबा सहापासून खोलीत बंद. म्हणून पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून श्री विजयपुरम) मी अ‍ॅबर्डीन बझारच्या आसपास बघतोय. गजबज आहे, समुद्र खिडकीतून दिसेलच असं नाही. पण जेल जवळ, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो जवळ, आणि आईला बाजारातून एक चक्कर मारता येईल.

हॅवलॉकचं (२०१८ पासून स्वराज द्वीप) गणित वेगळं. बरीच रिसॉर्ट्स पूर्वेच्या विजयनगर किनाऱ्यावर आहेत, आणि फोटो सगळे भरतीच्या वेळचे! ओहोटीला तिथलं पाणी दूर आत जातं आणि समोर उरतात खडक. राधानगरचा वाळूचा, प्रसिद्ध किनारा पश्चिमेला, जेट्टीपासून बारा-एक किलोमीटरवर. आपण स्कूटर काढून जाऊ. आई स्कूटरवर बसणार नाही. तेव्हा तिथे प्रश्न असा, की अंधार पडल्यावर परतायला रिक्षा सांगून ठेवता येते का?

आता खोल्या किती? बाबा म्हणतात, "काऊन दोन खोल्या? रातभर झोपाचंच तर हाय." बायको म्हणते, दोन घेऊ. मी बायकोच्या बाजूने. पैसे जातात, मान्य. पण सुनेसमोर आई दिवसा आडवी होत नाही, आणि बाबा रात्री दोनला उठून एसी बंद करतात. शेजारशेजारच्या दोन साध्या खोल्या एका आलिशान फॅमिली सूटपेक्षा केव्हाही बऱ्या.

बायकोचा एक आक्षेप मात्र खरा आहे. "मग आपल्याला काय? इतक्या लांब जाऊन बाजारातल्या हॉटेलात राहायचं?" बरोबर आहे तिचं. लग्नानंतरची ही आमचीही पहिलीच मोठी ट्रिप. म्हणून तोड अशी काढली, की पोर्ट ब्लेअर आई-बाबांच्या हिशोबाने आणि हॅवलॉकच्या दोन रात्री किनाऱ्यालगत, तिच्या पसंतीच्या कॉटेजमध्ये. अट एकच, सपाट जमिनीवरचं.

आमच्याकडे चांगल्या जागेचं माप ठरलेलं आहे, शेगावचं भक्तनिवास. स्वच्छ खोली, नीट बोलणारी माणसं, परवडणारे पैसे. आई आजवर कुठेही राहिली की तुलना त्याच्याशीच करते. पूर्वी मला याची गंमत वाटायची. आता मी हॉटेलवाल्यांना फोन करतो तेव्हा तिचेच प्रश्न विचारतो. काल एकाला विचारलं, सकाळी पाचला चहा मिळेल का? तो म्हणाला, किचन सातला उघडतं सर, पण खोलीत किटली आहे.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मंग साखर-पत्ती मी आणतो. दूध पाय तू."

तेवढं दूध बघायचं राहिलंय. मग फायनल.