दाराबाहेरचा बाप

परवा शेजारचा मुलगा बर्फी घेऊन आला. लेक झाली त्याला. मी अभिनंदन केलं तर हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "काका, सहा तास लेबर रूमच्या बाहेर बसलो होतो. आतून ओरडण्याचा आवाज यायचा, मग एकदम शांत व्हायचं. त्या शांततेचीच जास्त भीती वाटायची."

मला एकदम १९७९ साल आठवलं. थोरल्याच्या वेळी आम्ही घाटीत होतो. (तेव्हाचं औरंगाबाद. १९५६ साली सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचं रुग्णालय. पाटीवरचं नाव काहीही असो, आपल्याला ते 'घाटी'च!) सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा सोबत नेला होता. रात्रभरात चार पेपर तपासून झाले, त्यातही बेरजा चुकलेल्या. सासूबाई जप करत होत्या. मध्यरात्रीनंतर एक सिस्टर बाहेर आल्या. "मास्तर, वेळ लागेल, पण दोघंही ठीक आहेत. चहा पिऊन या." एवढंच! पण त्या एका वाक्यावर मी पहाटेपर्यंत तग धरला.

पुढे लेकीच्या बाळंतपणात, दुसऱ्या एका दवाखान्यात, याच्या अगदी उलट अनुभव आला. चार तास कोणी काही बोललं नाही. मग एकदम कागद पुढे आला, "इथे सही करा." कशासाठी, ते सांगायला कुणाला वेळ नव्हता. जावईबापूंनी न वाचताच सही केली. देवाच्या कृपेने सगळं सुखरूप झालं. पण त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

डॉक्टर-नर्सेसचे उपकार मोठेच आहेत. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. हे आपोआप झालेलं नाही. तरी मला वाटतं, बाहेर बसलेल्यांशी बोलणं हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. न सांगितलेली भीती फार लवकर संतापात बदलते, आणि मग तो संताप डॉक्टरांवरच निघतो.

बाळंतिणीजवळ घरचं एक माणूस असू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई, आणि खाजगीपणाची सोय असेल तिथे नवराही चालतो. आता कोणी म्हणेल, एका खोलीत चार-चार खाटा, मध्ये नुसता पडदा, तिथे पुरुष कसा सोडायचा? बरोबर आहे. इतर बायकांची लाज राखलीच पाहिजे. मग आई नाहीतर सासू आत जाऊ द्या, आणि बाहेरच्या बापाला तासाभराने एक वाक्य सांगा. त्याला खर्च येत नाही. सिस्टरांवर कामाचा बोजा आहे हे मान्य. पण त्या रात्री माझ्यासाठी बाहेर आलेल्या सिस्टरांवर तो कमी होता का?

त्या मुलाला मी म्हटलं, "डॉक्टरांना मिठाई सगळेच देतात. तू एक पुडा घेऊन परत जा. रात्रपाळीच्या सिस्टरांना आणि मावशींना दे, आणि त्यांची नावं विचार."

मी नाव विचारायचं राहूनच गेलं. सकाळी पेढे घेऊन गेलो तोवर त्यांची ड्यूटी संपली होती.

असो.